दमलेल्या संध्याकाळचे मऊ, गरम जेवण आणि त्यानंतरचा गोड पदार्थ : नव्याने स्वयंपाक करणाऱ्यांसाठी

दिवसभराच्या कामानंतर ज्या जेवणाची ओढ लागते, ते बहुधा मऊ, गरम, दाट आणि ओळखीच्या चवीचे असते. त्यासाठी दुर्मीळ साहित्य लागत नाही आणि हाताला फार मोठे कसबही लागत नाही. तरीही नव्याने स्वयंपाक करू लागलेल्या व्यक्तीचे नेमके हेच साधे पदार्थ बिघडतात : सूप पाणचट होते, व्हाइट सॉसमध्ये गुठळ्या होतात, खीर बुडाला लागते, कस्टर्ड फाटते. या सर्व पदार्थांचा मऊपणा आणि दाटपणा प्रामुख्याने स्टार्चवर, म्हणजे डाळ, तांदूळ, बटाटा, मैदा यांतील पिष्टावर, आणि ते पिष्ट कोणत्या आचेवर किती वेळ शिजते यावर अवलंबून असतो. ही एक गोष्ट नीट समजली की कृती पाठ करण्याची गरज बरीच कमी होते. म्हणून पुढे पदार्थ मोजकेच घेतले आहेत आणि प्रत्येक पायरीमागचे कारण सांगण्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

दिलेली प्रमाणे चार माणसांसाठी आहेत. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर असे समजावे. साध्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचा उपयोग सुरुवातीच्या काळात फार होतो, कारण एकाच वाटीत मैदा दाबून भरला किंवा सैल भरला तर वजनात चांगलाच फरक पडतो आणि सॉस दाट होणार की पातळ, हे तिथेच ठरून जाते. भांड्यांपैकी एकाच भांड्याबाबत आग्रह धरावा : जाड बुडाचे, रुंद तोंडाचे पातेले. पातळ बुडाच्या भांड्यात आच एकाच जागी एकवटते आणि दूध किंवा डाळ तिथे आधी करपते. ढवळत राहूनही हा दोष पूर्णपणे झाकता येत नाही.

मसूर डाळीचे दाट सूप

सुरुवात या सूपापासून करावी, कारण ते चुकले तरी सहज सावरता येते आणि तासाभराच्या आत पूर्ण जेवण तयार होते. २५० ग्रॅम सोललेली केशरी मसूर डाळ, एक मोठा कांदा, दोन गाजरे, लसणाच्या चार पाकळ्या, दोन टोमॅटो, दोन मोठे चमचे तेल आणि सुमारे सव्वा लिटर पाणी एवढे साहित्य घ्यावे. सोललेली मसूर डाळ भिजत घालावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

कांदा बारीक चिरून तेलात घालावा, त्यावर चिमूटभर मीठ टाकावे आणि मंद ते मध्यम आचेवर दहा ते बारा मिनिटे परतावा. मिठामुळे कांद्यातील पाणी लवकर सुटते आणि तो करपण्याआधी मऊ होतो. बहुतेक नवशिके इथेच घाई करतात. दोन-तीन मिनिटांत कांदा कडांना तपकिरी दिसू लागतो, पण आतून तो कच्चाच असतो, आणि ती कच्ची, उग्र चव सूप कितीही उकळले तरी मागे राहते. कांदा पारदर्शक झाला, उलथन्याच्या टोकाने सहज तुटू लागला आणि त्याला गोडसर वास येऊ लागला की पुढे जावे. मग गाजराचे लहान तुकडे घालून पाच मिनिटे परतावे आणि शेवटी लसूण घालून फक्त एक मिनिट परतावे. लसणात पाणी कमी असते आणि तो बारीक चिरलेला असल्यामुळे कांद्यापेक्षा फार लवकर जळतो. जळलेला लसूण कडू लागतो आणि तो कडूपणा नंतर काढता येत नाही.

आता धुतलेली डाळ, पाणी आणि दीड लहान चमचा मीठ घालून उकळी आणावी. वर येणारा फेस चमच्याने काढून टाकावा, आच मंद करावी आणि झाकण किंचित उघडे ठेवून वीस ते पंचवीस मिनिटे शिजू द्यावे. मीठ आधी घातले तर डाळ शिजत नाही, ही समजूत सोललेल्या मसूर डाळीच्या बाबतीत तरी मनातून काढून टाकावी. मऊ होण्यास खरा अडथळा आंबटपणाचा असतो. वनस्पतींच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात सहज विरघळत नाही, त्यामुळे टोमॅटो सुरुवातीलाच घातल्यास डाळ आणि गाजर बराच वेळ टणक राहतात. म्हणून डाळ पूर्ण विरघळल्यावरच चिरलेले टोमॅटो घालावेत आणि आणखी दहा मिनिटे उकळावे.

सूप दाट करण्यासाठी मैदा किंवा क्रीम घालण्याची गरज नाही. त्यातील साधारण अर्धा भाग वाटून पुन्हा पातेल्यात ओतला की दाटपणाही येतो आणि चावताना भाजीचे तुकडेही लागतात. गरम सूप मिक्सरच्या भांड्यात वाटताना मात्र पुरेशी काळजी घ्यावी. भांडे एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, झाकणातील लहान बूच काढून त्या जागी जाड कापड धरावे आणि मंद गतीने सुरुवात करावी. बंद भांड्यात वाफ कोंडली तर झाकण उडून उकळते सूप अंगावर येऊ शकते. शक्य असेल तर सूप थोडे निवल्यावर वाटावे, किंवा लाकडी डावाने पातेल्याच्या कडेला घोटून घ्यावे.

वाढण्यापूर्वी चव घेणे ही शेवटची पायरी आहे आणि ती कधीही वगळू नये. सूप सपक लागत असेल तर प्रथम चिमूटभर मीठ घालून पाहावे. मीठ पुरेसे असूनही चव उठत नसेल तर अर्ध्या लिंबाचा रस घालावा. तरीही काही उणे वाटले तर एक चमचा बटर पुरेसे होते. हा क्रम दाट आणि मऊ पदार्थांच्या बाबतीत मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण असे पदार्थ जिभेवर पसरतात आणि त्यांतील आंबटपणाची उणीव पुष्कळदा मिठाची उणीव असल्यासारखी भासते.

व्हाइट सॉस आणि भाजलेला पास्ता

व्हाइट सॉस जमला की भाजलेला पास्ता, भाज्यांचा बेक, क्रीमसारखे दाट सूप अशा कितीतरी जेवणांचा पाया हाती येतो. त्यात गुठळ्या का होतात, हे आधी समजून घ्यावे. कोरडा मैदा थेट गरम द्रवात पडला की प्रत्येक गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोहोचूच देत नाही. बटरमध्ये मैदा आधी परतला तर प्रत्येक कणाभोवती स्निग्धतेचा थर बसतो, कण एकमेकांपासून सुटे राहतात आणि दुधात सारख्या प्रमाणात पसरतात. बटर आणि मैदा समान वजनाचे घ्यावेत. ३०० ग्रॅम कोरड्या पास्त्यासाठी ५० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम मैदा, ७५० मिलिलिटर दूध आणि १५० ग्रॅम किसलेले चीज लागते.

१. मंद आचेवर बटर वितळवावे, त्यात मैदा घालून दोन ते तीन मिनिटे सतत परतावे. मैद्याचा कच्चा वास जाऊन भाजलेल्या बिस्किटासारखा वास आला पाहिजे, रंग मात्र बदलता कामा नये.

२. पातेले आचेवरून उतरवून त्यात कोमट दूध घालावे. पहिले १०० मिलिलिटर दूध घातल्यावर मिश्रण घट्ट गोळ्यासारखे होते आणि काहीतरी बिघडले असे वाटते, पण ते तसेच होणे अपेक्षित आहे. तो गोळा तारेच्या व्हिस्कने किंवा सपाट डावाने पूर्ण गुळगुळीत होईपर्यंत घोटावा, मगच पुढचे दूध घालावे. अशा रीतीने तीन-चार वेळा थोडे थोडे दूध घातल्यानंतर उरलेले सर्व एकदम ओतले तरी चालते.

३. पातेले पुन्हा आचेवर ठेवून ढवळत उकळी आणावी. दाटपणा उकळीच्या जवळ पोहोचल्यावरच पूर्णपणे येतो, त्यामुळे सॉस पातळ दिसतो म्हणून मधेच जास्त मैदा घालू नये. उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी पाच मिनिटे शिजवावा.

४. आच बंद करावी, मग चीज घालावे. चीज जास्त तापले की त्यातील प्रथिने आकसतात आणि स्निग्धांश बाहेर पडतो, त्यामुळे सॉस रवाळ आणि तेलकट होतो. शेवटी मीठ, मिरपूड आणि आवडत असल्यास किंचित किसलेले जायफळ घालावे. चीज मुळातच खारट असते, म्हणून मीठ त्यानंतरच, चव पाहून घालावे.

एवढे करूनही गुठळ्या राहिल्याच तर सॉस गाळून घ्यावा. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

सॉस होत असतानाच दुसऱ्या पातेल्यात तीन लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम मीठ घालून पास्ता उकळावा. पास्त्याच्या आतपर्यंत मीठ पोहोचण्याची हीच एक संधी असते. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधीच तो काढावा, कारण उरलेला तो सॉसमध्ये शिजणार आहे. गाळण्यापूर्वी वाटीभर पाणी बाजूला ठेवावे, कारण त्यात पास्त्याचे स्टार्च उतरलेले असते आणि सॉस फार घट्ट झाल्यास साध्या पाण्यापेक्षा हे पाणी त्यात अधिक चांगले मिसळते. पास्ता, सॉस आणि वाफवलेल्या भाज्या एकत्र करून बेकिंगच्या भांड्यात घालाव्यात. भांड्यात भरताना मिश्रण थोडे सैल वाटले पाहिजे, कारण भाजताना पास्ता आणखी सॉस शोषून घेतो. वर थोडे चीज आणि ब्रेडचा चुरा पसरून २०० अंश सेल्सिअसला आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये वीस मिनिटे ठेवावे. वरचा थर सोनेरी होतो तो प्रथिने आणि शर्करा यांच्यातील उष्णतेमुळे होणाऱ्या अभिक्रियेमुळे, जिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केले. भाजलेल्या पदार्थाचा हवाहवासा वास तिच्यातूनच येतो, म्हणून वरचा थर कोरडा आणि उघडा राहील याकडे लक्ष द्यावे. ओव्हन नसल्यास ब्रेडचा चुरा तव्यावर बटरमध्ये सोनेरी परतून वाढताना वर पसरावा. कुरकुरीतपणाची उणीव त्याने पुष्कळ भरून निघते.

बटाट्याचा मऊ मॅश

एक किलो बटाटे सोलून सारख्या आकाराचे तुकडे करावेत आणि थंड पाण्यात घालूनच आचेवर ठेवावेत. उकळत्या पाण्यात टाकल्यास आतला भाग शिजेपर्यंत बाहेरचा भाग विरघळू लागतो. सुरी सहज आरपार गेली की पाणी पूर्ण निथळून टाकावे आणि तेच पातेले मंद आचेवर दोन मिनिटे ठेवून बटाट्यांतील ओलावा उडवावा. त्यानंतर पुरणयंत्रातून किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीतून बटाटे काढावेत, आधी ७५ ग्रॅम बटर मिसळावे आणि मग सुमारे १५० मिलिलिटर गरम दूध थोडे थोडे घालावे. मिक्सर येथे अजिबात वापरू नये. त्याच्या पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात, आतले स्टार्च मोकळे होते आणि मॅश चिकट, ताणला जाणारा होतो. एकदा तसे झाले की तो पुन्हा हलका करता येत नाही. वरील मसूर सूप जास्त आटवून दाट केले आणि या मॅशवर वाढले, तर वेगळी भाजी करण्याची आवश्यकता उरत नाही.

तांदळाची खीर

गोड पदार्थांपैकी सर्वांत कमी साहित्य या खिरीला लागते आणि सर्वांत जास्त संयमही हिलाच लागतो. एक लिटर सायीचे दूध, १०० ग्रॅम आखूड दाण्याचा तांदूळ, ८० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि वेलची किंवा दालचिनी एवढेच घ्यावे. आखूड दाण्याच्या तांदळात सामान्यतः अमायलोपेक्टिन नावाचे पिष्ट जास्त असते, त्यामुळे खीर मऊ आणि मिळून येते. लांब दाण्याचा सुटा तांदूळ वापरल्यास दूध आणि शिते वेगवेगळी राहतात.

जड बुडाच्या पातेल्यात आधी दोन चमचे पाणी फिरवून मग दूध ओतावे. ते उकळू लागले की धुतलेला तांदूळ घालावा, पुन्हा उकळी येईपर्यंत ढवळावे आणि नंतर आच अगदी मंद करावी. पुढील चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे दर दोन-तीन मिनिटांनी डाव बुडापर्यंत नेऊन, कडेची साय आत मिसळत ढवळत राहावे. साखर सुरुवातीला घालू नये. साखर पाणी स्वतःकडे धरून ठेवते आणि तांदळाला फुगण्यासाठी लागणारे पाणी कमी पडते, त्यामुळे शिते मऊ होण्यास फार वेळ लागतो. शिवाय गोड दूध बुडाला लवकर लागते. दाणा बोटांत दाबल्यावर सहज मोडला की साखर, मीठ आणि वेलची घालून पाच मिनिटांत आच बंद करावी. त्या वेळी खीर हवी त्यापेक्षा पातळ असली पाहिजे, कारण थंड होताना स्टार्च पुन्हा घट्ट होते. दूध बुडाला लागलेच तर खरवडू नये. वरचे दूध तसेच दुसऱ्या भांड्यात ओतून घेतल्यास करपलेला वास बहुधा टळतो.

कस्टर्ड, अंड्यासह आणि अंड्याविना

५०० मिलिलिटर दूध, चार अंड्यांचे पिवळे बलक, ६० ग्रॅम साखर, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि थोडा व्हॅनिला घ्यावा. बलक, साखर आणि कॉर्नफ्लोअर एकत्र फेटून घ्यावेत. दूध वाफाळेपर्यंत तापवून त्यातील वाटीभर दूध बारीक धारेने, सतत ढवळत, बलकात मिसळावे आणि मग ते मिश्रण पातेल्यातील दुधात परत ओतावे. बलक एकदम गरम दुधात घातल्यास ते जागच्या जागी शिजून त्याचे धागे होतात. थोड्या दुधाने आधी त्याचे तापमान वाढवले की हा धोका टळतो.

यापुढची पायरी अनेकांना घाबरवते. केवळ बलकांवर घट्ट होणारे कस्टर्ड साधारण ८५ अंशांच्या पुढे फाटते, म्हणून ते कधीच उकळू देत नाहीत. कॉर्नफ्लोअर घातलेले कस्टर्ड मात्र उकळावेच लागते. बलकात स्टार्चचे तुकडे करणारे अमायलेज नावाचे विकर असते. ते पुरेशा उष्णतेने निष्क्रिय झाले नाही, तर रात्री छान घट्ट दिसणारे कस्टर्ड सकाळी पातळ झालेले आढळते. स्टार्च बलकातील प्रथिनांना घट्ट जुळू देत नाही, त्यामुळे उकळी आल्यावर मध्यम आचेवर एक मिनिट सतत ढवळण्यास काहीच हरकत नाही. लगेच गाळून वाडग्यात काढावे आणि साय धरू नये म्हणून पृष्ठभागाला चिकटेल असा बेकिंगचा कागद लावून ठेवावा.

अंडे चालत नसेल त्यांनी संकोच बाळगू नये. कस्टर्ड पावडरचा जन्मच या अडचणीतून झाला : पत्नीला अंडी सोसत नाहीत म्हणून बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअरवर आधारलेली ही पावडर तयार केली. पावडर नसल्यास ५०० मिलिलिटर दुधाला तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून घालावे, उकळी आणावी आणि उतरवल्यावर एक चमचा बटर मिसळावे, म्हणजे बलकामुळे येणारी स्निग्धता काही अंशी मिळते.

सफरचंदाचा क्रंबल

८०० ग्रॅम सफरचंदे सोलून, मोठ्या फोडी करून, दोन चमचे साखर, लिंबाचा रस आणि दालचिनी लावून बेकिंगच्या भांड्यात पसरावीत. १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम थंड बटर आणि ७५ ग्रॅम साखर घेऊन बटर बोटांच्या टोकांनी पिठात चोळावे. ब्रेडच्या जाडसर चुऱ्यासारखे मिश्रण झाले की थांबावे. तळहात गरम असतो, म्हणून तो लावू नये. बटर वितळले तर चुऱ्याऐवजी गोळा होतो आणि भाजल्यावर वरचा थर कुरकुरीत न होता कडक होतो. चुरा फोडींवर सैल पसरावा, दाबू नये, आणि १८० अंशांना पस्तीस ते चाळीस मिनिटे, कडांनी रस बुडबुडेपर्यंत भाजावे. रस उतू जाऊ शकतो म्हणून खाली ट्रे ठेवावा. वाढण्यापूर्वी दहा मिनिटे थांबावे, कारण सफरचंदाचा रस बाहेर काढल्यावरही बराच वेळ तोंड पोळण्याइतका गरम असतो.

आठवड्यात बसवणे आणि साठवणे

एका संध्याकाळी जेवण आणि गोड दोन्ही करावयाचे असल्यास एकाकडे सतत लक्ष द्यावे लागेल आणि दुसरे आपोआप होईल, अशी जोडी निवडावी. मसूर सूप मंद आचेवर असताना क्रंबल ओव्हनमध्ये सहज होतो. व्हाइट सॉस आणि खीर मात्र एकाच वेळी घेऊ नये, कारण दोन्हींना हात लागतो आणि एक तरी करपते. कस्टर्ड आदल्या दिवशीच करून ठेवावे.

उरलेले अन्न शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे आणि फ्रिजचे तापमान ५ अंशांपेक्षा जास्त नसावे. भात आणि खीर यांच्या बाबतीत हा नियम विशेष कसोशीने पाळावा. बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकून राहतात, अन्न तासन्‌तास कोमट राहिले की वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. मोठे पातेले तसेच आत ठेवू नये. उथळ डब्यांत वाटून ठेवल्यास अन्न लवकर गार होते. सूप तीन ते चार दिवस टिकते आणि डीपफ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगले राहते. खीर आणि अंड्याचे कस्टर्ड दोन दिवसांत संपवावे. कस्टर्ड गोठवू नये, कारण वितळल्यावर त्यातील पाणी सुटते. सूप आणि पास्ता पुन्हा गरम करताना थोडे पाणी किंवा दूध घालून मधोमध वाफ येईपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ अंशांपर्यंत तापवावे, आणि हवे तेवढेच काढून गरम करावे. क्रंबलचा कच्चा चुरा मात्र दुप्पट करून पिशवीत गोठवून ठेवण्यासारखा आहे. तो वितळवण्याची गरज नसते, गोठलेलाच फळांवर पसरून पाच मिनिटे जास्त भाजला की काम होते.